ध्वनिमुद्रिकांची मुखपृष्ठे

ग्रामोफोनची तबकडी, कॅसेट किंवा सीडी ज्या वेष्टणात विकली जाते त्याच्या दर्शनी बाजूवरील चित्र, छायाचित्र, अक्षरांकन आणि त्यांची मांडणी यांना मिळून ध्वनिमुद्रिकेचे मुखपृष्ठ म्हणतात. तबकडीवर ओरखडे पडू न देणे, आत कोणाचे काय आहे ते सांगणे आणि दुकानात गिऱ्हाइकाची नजर थांबवणे ही वेष्टणाची मूळ कामे. त्यांतील पहिले काम पुठ्ठा करतो, दुसरे अक्षरे करतात. तिसऱ्यासाठी चित्रकार लागला. विसाव्या शतकाच्या मध्यापासून या कामाला उपयोजित कलेच्या एका शाखेचे रूप आले. तबकडीचा माल बंद असतो, ऐकल्याशिवाय कळत नाही. म्हणून ती कोणत्या मनःस्थितीत ऐकायची याची पहिली सूचना श्रोत्याला मुखपृष्ठावरूनच मिळते.

पूर्वपीठिका : एमिल बर्लिनर यांनी १८८७ मध्ये चपट्या तबकडीचे पेटंट घेतले. पुढे रूढ झालेल्या लाखेच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे आणि बारा इंची तबकडीवर चार-साडेचार मिनिटांचे संगीत मावे. ती खाकी कागदाच्या साध्या पाकिटात येई. लेबल वाचता यावे म्हणून पाकिटाच्या मधोमध गोल भोक ठेवलेले असे. पाकिटावर कंपनीची मुद्रा, विक्रेत्याचे नाव-पत्ता किंवा सुयांची जाहिरात असे. आतील गाण्याशी तिचा संबंध नसे. सिंफनीसारखी दीर्घ रचना चार-सहा तबकड्यांवर विभागावी लागे. अशा तबकड्यांची पाकिटे एकत्र शिवून त्यांना पुठ्ठ्याची बांधणी करत, आणि छायाचित्रांच्या वहीवरून तिला आल्बम म्हणू लागले. जर्मनीतील ओडिऑन कंपनीने १९०९ मध्ये चायकोव्हस्कीच्या ‘नटक्रॅकर स्वीट’चा चार तबकड्यांचा संच काढला, तो या प्रकारातला आद्य संच म्हणून सहसा दाखवतात. या बांधण्यांवर तपकिरी, हिरव्या किंवा करड्या कापडी कागदावर नुसते नाव ठसवलेले असे. त्या दुकानाच्या फळीवर पुस्तकांसारख्या कणा बाहेर ठेवून मांडत. अमेरिकेतील व्यवसायात त्यांना ‘थडगी’ म्हणत.

आरंभाचा प्रश्न : सचित्र मुखपृष्ठाचा जनक म्हणून अॅलेक्स स्टाइनवाइस (१९१७–२०११) यांचे नाव बहुतेक संदर्भग्रंथ देतात. ब्रुकलिनमध्ये वाढलेले आणि न्यूयॉर्कच्या पार्सन्स कलाशाळेत शिकलेले स्टाइनवाइस काही काळ व्हिएन्नाहून आलेले भित्तिपत्रकांचे चित्रकार योझेफ बिंडर यांच्या हाताखाली होते. विशीच्या सुरुवातीलाच ते कोलंबिया रेकॉर्ड्‌सचे पहिले कलासंचालक झाले. नेमणुकीचे वर्ष काही ठिकाणी १९३८ तर काही ठिकाणी १९३९ असे आढळते. रिचर्ड रॉजर्स आणि लॉरेन्स हार्ट यांच्या गाण्यांचा संच हे त्यांचे पहिले सचित्र मुखपृष्ठ. त्यालाही १९३९ आणि १९४० अशी दोन्ही वर्षे दिली जातात. नेमणूक, मुद्रण आणि विक्री यांत काही महिने गेले असणार हे लक्षात घेता १९४० अधिक संभवते. या मुखपृष्ठासाठी न्यूयॉर्कच्या इंपीरियल थिएटरच्या दर्शनी पाटीवरील दिव्यांची अक्षरे मालकाला विनंती करून रात्री थोड्या वेळापुरती बदलून घेतली होती. पाटीवर संचाचे नाव झळकत असताना छायाचित्र काढले आणि पाटी पुन्हा पूर्ववत झाली.

मात्र त्याआधी तबकडीच्या वेष्टणावर चित्र कधी छापलेच नव्हते, असे म्हणता येत नाही. मुलांच्या गाण्यांच्या तबकड्यांना सचित्र पाकिटे होती, आणि १९२० व १९३० च्या दशकांतील काही संचांच्या पुठ्ठ्यांवर चित्रे चिकटवलेली दिसतात. त्यामुळे ‘पहिले मुखपृष्ठ’ ही पदवी शब्दशः घेता येत नाही. स्टाइनवाइस यांचे श्रेय वेगळे आहे व ते निर्विवाद आहे. चित्र हा एखाद्या संचाचा अपवाद न राहता कंपनीच्या प्रत्येक महत्त्वाच्या प्रकाशनाचा भाग व्हावा, आणि त्याची जबाबदारी छापखान्याऐवजी एका चित्रकाराकडे असावी, ही पद्धत त्यांनी बसवली. व्हिक्टर आणि डेका या प्रतिस्पर्धी कंपन्या थोड्याच वर्षांत त्याच वाटेने गेल्या. ब्रूनो वॉल्टर यांनी संचालित केलेल्या बेटहोव्हनच्या ‘इरोइका’ सिंफनीचा संच नव्या मुखपृष्ठासह आल्यावर त्याची विक्री ८९५ टक्क्यांनी वाढली, असे ‘न्यूजवीक’चा हवाला देऊन सर्वत्र लिहिले जाते. आधीचा खप सांगितल्याशिवाय अशा टक्केवारीला फारसा अर्थ राहत नाही. पण कंपनीने चित्रांवरील खर्च पुढे चालू ठेवला, त्यावरून लाभ झाला हे उघड आहे. सपाट रंगांचे मोठे आकार, एखादे वाद्य किंवा हात यांसारखे एकच ठळक प्रतीक आणि हाताने गिरवलेली वळणदार अक्षरे ही त्यांची शैली. त्यांच्या नावावर सुमारे २,५०० मुखपृष्ठे सांगितली जातात.

दीर्घवादन तबकडीचे वेष्टण : कोलंबियाने जून १९४८ मध्ये मिनिटाला ३३ १/३ फेरे घेणारी, व्हिनाइलची दीर्घवादन तबकडी (एल.पी.) बाजारात आणली. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावू लागली आणि अख्खा आल्बम एका तबकडीवर आला. तिची खाच मात्र अतिशय सूक्ष्म होती. जाड कागदी पाकिटात घालून थप्पी रचली की कागदाच्या घड्यांचे वळ तबकडीवर उमटत. यावर स्टाइनवाइस यांनीच पातळ पुठ्ठ्याचे पाकीट तयार केले : पुठ्ठ्याच्या दोन बाजू, वर छापील कागद चिकटवलेला, तीन कडा बंद आणि एक कड उघडी. पेटंट त्यांच्या नावे निघाले. नोकरीच्या करारामुळे त्याचा आर्थिक हक्क कंपनीकडे गेला, असे त्यांनी नंतर सांगितले आहे. ब्रिटनमध्ये याहून किंचित वेगळी पद्धत होती. दर्शनी बाजूच्या चकचकीत कागदाच्या तीन पट्ट्या मागे दुमडून चिकटवत, त्यामुळे पाठीमागच्या कोऱ्या कागदावर तीन कडांना चकचकीत किनार दिसे. संग्राहक आजही या किनारीवरून आणि पुठ्ठ्याच्या जाडीवरून आवृत्तीचा काळ ठरवतात. पुढे पुस्तकासारखे उघडणारे दुहेरी वेष्टण आले आणि चित्रकाराला चार बाजू मिळाल्या.

याच सुमारास दुकानेही बदलत होती. पूर्वी विक्रेता फळीवरून संच काढून देई. आता गिऱ्हाईक खोक्यात उभ्या ठेवलेल्या तबकड्या स्वतः चाळू लागले. दोन बोटांनी एकामागून एक पाकीट पुढे ढकलताना प्रत्येकाला क्षणभरच वेळ मिळतो, आणि चाळताना वरची कड आधी दिसते. नाव वरच्या एक-तृतीयांश भागात ठेवण्याचा प्रघात यातून पडला. सुमारे ३१ सेंटिमीटरच्या चौरसात छायाचित्र, अक्षरे आणि मोकळी जागा यांचा तोल साधणे हा १९५० च्या दशकातील खरा अभ्यास होता. जॅझ संगीताच्या ब्लू नोट कंपनीची मुखपृष्ठे या दृष्टीने सर्वांत सरस म्हणावी लागतील. ध्वनिमुद्रण चालू असताना फ्रान्सिस वुल्फ यांनी टिपलेली छायाचित्रे आणि रीड माइल्स यांनी केलेली त्यांची धाडसी काटछाट यांतून ती घडली. खर्च वाचवण्यासाठी बहुधा दोनच रंग वापरले जात. त्या मर्यादेतच माइल्स यांनी अक्षरांनाच चित्र केले.

रॉक संगीताचा काळ : १९६० च्या दशकात कलावंत स्वतः मुखपृष्ठात लक्ष घालू लागले. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्‌स क्लब बँड’चे (१९६७) मुखपृष्ठ पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ यांनी रचले आणि मायकेल कूपर यांनी छायाचित्रित केले. पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या पुरुषभर उंचीच्या प्रतिमा, मेणाचे पुतळे आणि फुलांचा वाफा अशी ही उभारणी होती. खर्च तीन हजार पौंडांच्या घरात गेला, जो तेव्हाच्या नेहमीच्या खर्चाच्या कित्येक पट होता. गाण्यांचे शब्द वेष्टणावर छापणारी ही रॉकमधील पहिली तबकडी मानली जाते. भारतीय वाचकाला या चित्रात आणखी काही दिसते. बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन यांच्या सांगण्यावरून महावतार बाबाजी, लाहिरी महाशय, श्री युक्तेश्वर आणि परमहंस योगानंद हे चार योगी त्यात आले. महात्मा गांधींची प्रतिमाही उभारली होती. भारतातील लोकांच्या भावना दुखावतील आणि तिथल्या व्यवसायाला बाधा येईल या भीतीने बीटल्सच्या तबकड्या काढणाऱ्या ई.एम.आय. कंपनीचे अध्यक्ष जोसेफ लॉकवुड यांनी ती काढायला लावली. ई.एम.आय.चा मोठा कारखाना कोलकात्याजवळ डमडम येथे होता. गांधींची प्रतिमा एका झाडाच्या पानांमागे झाकून गेली.

त्याच वर्षाअखेर आलेल्या अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांच्या ‘अॅक्सिस : बोल्ड अॅज लव्ह’वर विष्णूच्या विश्वरूपाच्या छापील चित्रात हेंड्रिक्स आणि त्यांच्या दोन साथीदारांचे चेहरे बसवलेले आहेत. रवी वर्मा यांच्या शिळाछाप कारखान्याने (मुंबई, १८९४, नंतर मळवली) घरोघर पोचवलेल्या देवादिकांच्या चित्रपरंपरेतीलच हे मूळ चित्र. हेंड्रिक्स यांना स्वतःला ते पसंत नव्हते. आपल्या अमेरिकन इंडियन वंशाचा संदर्भ हवा असताना चित्रकाराने दुसराच ‘इंडियन’ घेतला, अशी त्यांची तक्रार नोंदलेली आहे. देवप्रतिमांच्या अशा वापरावर पुढे उघड आक्षेप घेतले गेले. १९९७ मध्ये एअरोस्मिथ या रॉक बँडच्या ‘नाइन लाइव्ह्‌ज’वरील, कालियामर्दनाच्या चित्रात फेरफार केलेले मुखपृष्ठ हिंदू संघटनांच्या निषेधानंतर बदलण्यात आले.

स्टॉर्म थॉर्गरसन आणि ऑब्री पॉवेल यांच्या हिप्नोसिस या संस्थेने मुखपृष्ठावरून कलावंताचा चेहराच काढून टाकला. पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’वर (१९७३) काळ्या पार्श्वभूमीवर एक लोलक आणि त्यातून फुटणारे रंग आहेत, रेखाटन जॉर्ज हार्डी यांचे. पट्टे सातऐवजी सहाच आहेत, पारवा वगळलेला आहे. दुहेरी वेष्टण उघडले की हे पट्टे आत पुढे चालू राहतात आणि हिरव्या पट्ट्याला हृदयाच्या ठोक्यांच्या आलेखाचे वळण मिळते. तबकडीची सुरुवातही ठोक्यांनीच होते. चित्र आणि ध्वनी यांची सांगड इतक्या थोडक्यात घातलेले दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

भारतातील परंपरा : भारतातील व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कोलकात्यात सुरू झाले; गौहर जान या त्यातील पहिल्या काही गायिकांपैकी होत्या. तबकडीवरचे चित्र म्हणजे पुढे अनेक दशके फ्रान्सिस बॅरो यांनी रंगवलेला, भोंग्यापुढे बसलेला कुत्रा एवढेच होते. दीर्घवादन तबकड्या १९५० च्या दशकाच्या अखेरीस येऊ लागल्या, परंतु ७८ फेऱ्यांच्या तबकड्या १९७० च्या सुमारापर्यंत निघत राहिल्या. नाट्यगीते, भावगीते, लावण्या असा सामान्य श्रोत्याचा मोठा साठा त्यामुळे भोकाच्या खाकी पाकिटांतच घरी आला. गाण्याला जोडून चित्र पाहण्याची हौस चित्रपटगृहाबाहेर आणे-दोन आण्यांना मिळणारी गाण्यांची पुस्तिका भागवत असे. सचित्र वेष्टण मध्यमवर्गीय घरात आले ते मुख्यतः सात इंची, ४५ फेऱ्यांच्या ई.पी.मुळे.

चित्रपटांच्या तबकड्यांवर बहुधा भित्तिपत्रकाचेच चित्र छोटे करून छापत. त्यामुळे या मुखपृष्ठांचा इतिहास भित्तिपत्रकांच्या चित्रकारांचा आहे. दिवाकर करकरे यांच्यासारख्यांची रंगांचे जाड फटकारे मारण्याची शैली त्यातून घराघरांत गेली. वेष्टणावर गायक, संगीतकार, गीतकार यांची नावे असत, चित्रकाराचे क्वचितच. पॉलिडोरने काढलेल्या ‘शोले’च्या (१९७५) संवादांच्या तबकड्या गाण्यांशिवायही खपल्या.

शास्त्रीय संगीतात चित्रापेक्षा पाठीमागचा मजकूर मोलाचा ठरला. पुढे तानपुऱ्यांमध्ये बसलेल्या गायकाचे छायाचित्र, मागे राग, ताल, चीज, साथीदार आणि घराण्याविषयीची टीप, तीही बहुतेक इंग्रजीत, असा साचा होता. एच.एम.व्ही.च्या ‘ईसीएलपी’ आणि ‘ईसीएसडी’ या क्रमांकमाला अनुक्रमे एकध्वनी आणि स्टिरिओ तबकड्यांच्या असून, वेष्टणाच्या कोपऱ्यातील हा क्रमांक अभ्यासकाला आधी पाहावा लागतो. जी. एन. जोशी यांच्या निर्मितीत आलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही शिवकुमार शर्मा, ब्रिजभूषण काब्रा आणि हरिप्रसाद चौरसिया यांची तबकडी काश्मीरमधील मेंढपाळाच्या एका दिवसावर गुंफलेली आहे. अशा कथासूत्राला वेष्टणावरच्या मजकुराची जोड लागतेच. ध्वनिमुद्रणाचे साल मात्र या वेष्टणांवर अनेकदा नसते, आणि छापलेले साल पुनर्मुद्रणाचे असू शकते. मुंबईतील सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेच्या ‘रेकॉर्ड न्यूज’ नियतकालिकाने लेबले, सूचिपत्रे आणि वेष्टणे पडताळून अशा अनेक बाबी नोंदवल्या आहेत.

कॅसेट व त्यानंतर : १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि चित्राची जागा तळहाताएवढ्या घडीच्या इनले कार्डाने घेतली. मराठी भक्तिगीते, भीमगीते, लोकगीते यांच्या कार्डांवर देवतेचे किंवा बाबासाहेबांचे चित्र आणि कोपऱ्यात गायकाचा चेहरा अशी मांडणी रुळली. दुकानात काचेआड दुरून ओळखू यावे म्हणून रंग भडक आणि अक्षरे जाड ठेवत. सीडीच्या बारा सेंटिमीटरच्या पुस्तिकेने मजकुराला जागा परत दिली, चित्राला नाही.

मोबाइलच्या पडद्यावर मुखपृष्ठ बोटाच्या पेराएवढे झाले असले, तरी प्रत्येक गाण्याला ते जोडावेच लागते. अमेरिकेत २०२० मध्ये व्हिनाइल तबकड्यांच्या विक्रीचे उत्पन्न १९८० च्या दशकानंतर प्रथमच सीडीपेक्षा जास्त झाले. जुन्या वेष्टणांना मुख्य धोका दमटपणाचा, आम्लयुक्त पुठ्ठ्याचा आणि एकावर एक ठेवल्याने उमटणाऱ्या वर्तुळाकार झिजेचा असतो. म्हणून संग्रहालयांत ती उभी ठेवतात आणि तबकडी वेगळ्या, आम्लरहित पाकिटात जपतात.