बाटलीतली वीस वर्षं

फ्रान्सच्या नैऋत्येला, बोर्दो शहराच्या पुढे जिरोंद खाडीच्या डाव्या काठाने मेदॉक नावाचा एक चिंचोळा पट्टा जातो. पोयाक, मार्गो ही वाइनच्या जगात दबदबा असलेली गावं याच पट्ट्यातली. इथली जमीन गोट्यांची, पाणी धरून न ठेवणारी. आणि मुख्य द्राक्ष कॅबर्ने सोव्हिन्याँ, म्हणजे लहान मणी, जाड साल आणि रसाच्या मानाने बिया जास्त. इथली उत्तम वाइन दोन-तीन वर्षांची असताना उघडली तर पहिल्याच घोटाला तोंडाला कोरड पडते आणि गाल आतून आवळल्यासारखे होतात. तीच वाइन वीस वर्षांनी मऊ लागते. मधल्या काळात बाटलीत कुणी काही घातलेलं नसतं.

तुरटपणा आपल्याला नवा नाही. सुपारी, कच्चं केळं, आवळा यांत तो असतो. कॅबर्नेच्या साली आणि बियांमधून वाइनमध्ये उतरणारी टॅनिन ही रसायनं त्याच जातकुळीतली. आपल्या लाळेत प्रोलीन या अमिनो आम्लाने समृद्ध असलेली प्रथिनं असतात आणि त्यांच्यामुळे तोंड आतून बुळबुळीत राहतं. टॅनिनचे रेणू नेमके या प्रथिनांना चिकटतात, त्यांच्या गुठळ्या होतात, वंगण जातं आणि जीभ टाळूवर खरखरीत घासू लागते. म्हणजे तुरटपणा हा बऱ्याच अंशी स्पर्श आहे. मटणाच्या किंवा चीजच्या घासाबरोबर हीच वाइन सौम्य लागते, कारण टॅनिनला पकडायला दुसरी प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ मिळतात.

वर्षं जातात तसे टॅनिनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात आणि तळाशी बसतात, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. वाइन आम्लधर्मी असते, तिचा पीएच साधारण 3.6 च्या आसपास. त्या आम्लात टॅनिनच्या साखळ्या तुटतातही आणि तुटलेले तुकडे नव्या जोडीदारांना बिलगतात. सर्वांत महत्त्वाचा जोडीदार म्हणजे अँथोसायनिन, वाइनला लाल-जांभळा रंग देणारं द्रव्य. या जोडण्यांतून तयार होणारे नवे रेणू लाळेतल्या प्रथिनांना पूर्वीसारखे घट्ट धरत नाहीत.

मला यातला रंगाचा भाग सर्वांत विलक्षण वाटतो. वाइनच्या पीएचला सुट्या अँथोसायनिनचा बराचसा भाग खरं तर रंगहीन असायला हवा. तरुण वाइन तरी गर्द जांभळी दिसते, कारण हे रेणू इतर रेणूंना खेटून थर लावतात आणि पाण्यापासून वाचतात. हा आधार तात्पुरता. काही वर्षांत सुटं अँथोसायनिन जवळजवळ संपतं, पण तोवर त्याचा मोठा वाटा टॅनिनशी जोडला जाऊन कायमचा रंग झालेला असतो. त्या रंगाची छटा मात्र वेगळी. म्हणून वाइनचा पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरून कडेकडे पाहावं. जांभळी झाक असेल तर वाइन कोवळी, विटकरी असेल तर वयात आलेली, आणि सरळ तपकिरी असेल तर बहुधा वेळ टळून गेलेली.

या सगळ्यात हवेचा वाटा किती, हे शोधायला लुई पाश्चर यांनी हात घातला. फ्रेंच वाइन फार खराब होत होती, म्हणून 1863 मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनने त्यांच्यावर हे काम सोपवलं होतं. पाश्चर यांनी काचेच्या नळ्यांत वाइन भरून त्या सीलबंद केल्या. काही काठोकाठ भरलेल्या, काहींमध्ये हवेसाठी जागा सोडलेली. हवा असलेल्या नळ्यांतल्या वाइनचा रंग फिका पडला, तळाशी साका जमला. काठोकाठ भरलेल्या नळ्यांत फारसा बदल नव्हता. वाइनला वय ऑक्सिजनमुळे येतं, हा निष्कर्ष त्यांनी 1866 मध्ये मांडला. ऑक्सिजन फार झाला तर वाइन बिघडते, पण अगदी थोडा, सावकाश मिळाला तर मुरते.

हा थोडा ऑक्सिजन बुचातून येतो. बूच म्हणजे कॉर्क ओक झाडाची साल, साधारण दर नऊ वर्षांनी काढलेली. दाबून बसवताना तिच्या पोकळ पेशींतली हवा पहिल्या काही महिन्यांत वाइनमध्ये शिरते. पुढे वर्षाकाठी मिलिग्रॅमच्या घरातला ऑक्सिजन झिरपत राहतो. बाटली आडवी ठेवायची ती बूच ओलं राहावं म्हणून. सुकलं की आक्रसतं आणि हवेला वाट मिळते.

तळघराचं तापमान 12 ते 14 अंश असावं, असं म्हणतात त्यामागेही रसायनशास्त्रच आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. मग तीस अंशांवर ठेवून वीस वर्षांचं काम पाच-सहा वर्षांत का होऊ नये? कारण सगळ्या क्रिया सारख्या प्रमाणात वेगावत नाहीत. फळांचा ताजा गंध आधी मरतो, शिजवलेल्या मुरंब्यासारखा वास येतो आणि टॅनिनचं काम अर्धवटच राहतं. परदेशातून कौतुकाने आणलेली चांगली बाटली पुण्या-नागपुरात शोकेसमध्ये उभी ठेवून दोन-तीन उन्हाळे काढले, तर ती वाइन हकनाक जाते. वाइनचा खास फ्रिज नसेल तर ती लवकर पिऊन टाकणंच शहाणपणाचं.

मुळात ‘वाइन जितकी जुनी तितकी चांगली’ हा समज बहुतांश वाइनना लागूच पडत नाही. जगभरातली बरीचशी वाइन, आणि त्यात आपल्या नाशिककडचीही बरीच आली, दोन-चार वर्षांत प्यायची म्हणूनच बनवलेली असते. भरपूर टॅनिन, पुरेशी आम्लता आणि गंधांची दाटी असेल तरच थांबण्यात अर्थ. मग मेदॉकच्या वाइनमध्ये कोवळ्या वयातल्या फळांच्या, सिमला मिरचीच्या वासाच्या जागी देवदार, तंबाखू, चामडं असे गंध येतात.

चव घेताना नाकावर विश्वास ठेवावा, पण डोळ्यांवर जपून. 2001 मध्ये बोर्दोच्याच संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना त्यांनी बोर्दोची पांढरी वाइन दिली, नंतर तीच वाइन गंधहीन लाल रंग मिसळून दिली. रंग बदलताच विद्यार्थी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत करू लागले. याच कारणासाठी काळ्या काचेचे पेलेही वापरतात. देवदार, ब्लॅककरंट हे शब्द युरोपातल्या आठवणींतून आलेत. आपल्याला जांभूळ किंवा ओली माती आठवली तर तसंच बेलाशक लिहावं. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर मात्र दोष बुचाचा. बुरशीमुळे तयार होणारं ट्रायक्लोरोॲनिसोल लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी वाइन मारतं. जपानी संशोधकांना 2013 मध्ये दिसलं की हे द्रव्य गंधपेशींचे संदेशच दाबून टाकतं. म्हणून वास ओळखू आला नाही तरी वाइन मुकी लागते.

बाटली न उघडता वय तपासण्याची एक युक्ती बोर्दोचे भौतिकशास्त्रज्ञ फिलिप युबेर यांनी विकसित केली. अणुचाचण्यांतून वातावरणात पसरलेलं सीझियम-137 द्राक्षांतही उतरलं. ते काचेतून बाहेर येणाऱ्या गॅमा किरणांवरून मोजता येतं. 1945 पूर्वीच्या वाइनमध्ये ते सापडू नये. सापडलं तर लेबल खोटं. वाइन आता चवीला कशी आहे, हे मात्र सीझियमवरून कळत नाही.

म्हणून जमलं तर एकाच वर्षाच्या सहा किंवा बारा बाटल्यांची पेटी घ्यावी. पहिली आठ-दहा वर्षांनी उघडावी, पुढच्या दोन-तीन वर्षांच्या अंतराने, आणि प्रत्येक वेळी नोंद ठेवावी. तुरटपणा उतरला, फळाचा गंध अजून शिल्लक आहे, अशी नोंद झाली की उरलेल्या बाटल्या अडवून ठेवू नयेत. जुनी बाटली आदल्या दिवशीच उभी करून ठेवावी, म्हणजे साका तळाशी बसतो. मग उजेड बाटलीच्या मानेमागे धरून वाइन दुसऱ्या भांड्यात सावकाश ओतावी आणि साका मानेपर्यंत आला की थांबावं. हे प्यायच्या अगदी आधी करावं, असं बोर्दोचे नामांकित वाइनतज्ज्ञ एमिल पेनो सांगत, कारण जुन्या वाइनचे नाजूक गंध हवेत लवकर उडून जातात.