प्रायमर होल्डर (ठासणीची शिकारी रायफल)

ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी भरायच्या, रायफलीत बार पेटवणारी टोपी किंवा प्रायमर जवळ बाळगण्याचे, जागेवर बसवण्याचे आणि पुन्हा काढण्याचे छोटे साधन. अमेरिकेतील शिकारी त्याला ‘कॅपर’ही म्हणतात. दिसायला ही बोटभर लांबीची पितळी किंवा प्लास्टिकची पट्टी असते. ठासणीच्या बंदुकीचा मूळ नियम असा, की प्रायमर सर्वांत शेवटी बसवायचा आणि सर्वांत आधी काढायचा. कडाक्याच्या थंडीत, हातमोजे घालून, पहाटेच्या अंधारात हा नियम खरोखर पाळता येतो तो या पट्टीमुळे. हाती होल्डर नसला की माणूस प्रायमर काढायचा कंटाळा करतो, आणि अपघाताची सुरुवात तिथेच होते.

तोड्याच्या (जळत्या वातीच्या) आणि चकमकीच्या बंदुकीत नळीच्या कानाजवळच्या, म्हणजे आग आत जाण्याच्या भोकाजवळच्या, पेल्यात रंजक, म्हणजे पेटवणीची बारीक दारू, घालावी लागे. रंजक ओली झाली की बार उडत नसे. स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक अलेक्झांडर फोरसाइथ यांनी आघाताने पेटणाऱ्या मिश्रणाचे पेटंट १८०७ मध्ये घेतले आणि पुढच्या दोन दशकांत तांब्याची टोपी प्रचारात आली. १८५७ च्या संदर्भात ज्या एन्फील्ड बंदुकीच्या काडतुसांची चर्चा होते, ती १८५३ च्या नमुन्याची बंदूकही टोपीचीच. त्या काळी सैनिक टोप्या कमरपट्ट्याच्या चामडी पिशवीत ठेवत. अमेरिकन यादवी युद्धातील अशा पिशव्यांत तोंडाशी मेंढीच्या लोकरीची पट्टी लावलेली असे, म्हणजे झाकण उघडले तरी टोप्या सांडत नसत. बाजूच्या खोबणीत कान साफ करायची तार असे. आजच्या होल्डरची बरीच कामे त्या पिशवीत दिसतात.

मिसूरी राज्यातील टोनी नाइट यांनी १९८५ मध्ये ‘एमके-८५’ ही रायफल आणली. तिच्यात पेटवणी नळीच्या बाजूला नसून थेट मागे, एका रेषेत होती. पुढे या धाटणीच्या रायफलींनी छऱ्याच्या काडतुसाचा ‘२०९’ प्रायमर उचलला. तो जुन्या ११ नंबरच्या टोपीपेक्षा बराच जोरकस असतो. त्याचे अंग सुमारे ६ मिमी जाड आणि लांबी साडेसात मिमीच्या आसपास. मागच्या बाजूला जेमतेम ८ मिमी व्यासाचा काठ असतो. होल्डरची सगळी रचना या काठावर बेतलेली आहे.

२०९ च्या होल्डरला एका ओळीत खाचा असतात. प्रायमरचा काठ खाचेत सरकतो आणि स्प्रिंगच्या किंवा प्लास्टिकच्या ताणाने धरून राहतो. अंग बाहेर डोकावते. रायफल उघडून ते अंग ब्रीच प्लगच्या, म्हणजे नळीचे मागचे टोक बंद करणाऱ्या बुचाच्या, घरात ढकलायचे आणि पट्टी आडवी ओढायची, की प्रायमर घरात राहतो आणि पट्टी सुटते. काही होल्डर चकतीसारखे गोल असतात. गळ्यात दोरीने अडकवायला ते सोयीचे. दारू आणि गोळी मोजून भरून ठेवण्याच्या नळकांड्यांच्या झाकणातही प्रायमरला जागा केलेली असते. दुसऱ्या बारासाठी ती ठीक, पण पहिला प्रायमर वेगळ्या होल्डरवरच हवा. ११ नंबरच्या टोपीला काठ नसतो. तिच्यासाठी गोगलगायीच्या आकाराची पितळी डबी किंवा सरळ पट्टी वापरतात आणि टोपी निप्पलवर, म्हणजे आग आत नेणाऱ्या छोट्या पोकळ बोंडीवर, उघड्या तोंडाने चढवतात. टोपी सैल बसते म्हणून ती चिमटून चपटी करण्याची सवय वाईट आहे. निप्पलच्या मापाची टोपी शोधावी. अर्धवट बसलेली टोपी घट्ट करायला लाकडाचा तुकडा वापरावा. घोड्याने ती कधीही दाबू नये.

वापराचा क्रम असा. प्रथम गज (बार ठासायची काठी) नळीत घालून, त्यावरच्या ‘रिकामी’ या खुणेवरून आत जुना बार नाही याची खात्री करावी. नळीतले तेल पुसावे, नुसता एक प्रायमर उडवावा आणि तो काढून टाकावा. उडवताना तोंडासमोर, जमिनीच्या दिशेने, एखादे वाळके पान ठेवले आणि ते हलले तर वाट मोकळी आहे. मग दारू, मग गोळी, आणि गज ‘भरलेली’ या खुणेपर्यंत उतरला पाहिजे. एवढे होईपर्यंत होल्डर खिशातच राहतो. झाडावरच्या मचाणावर चढताना रायफल प्रायमरविना, तोंड खाली ठेवून, दोरीने वर ओढतात. वर बसून सुरक्षेचा पट्टा बांधला, रायफलीचे तोंड सुरक्षित दिशेला आहे हे पाहिले, की मग होल्डर काढायचा. कुंपण ओलांडताना, ओढा पार करताना, गाडीकडे परतताना प्रायमर पुन्हा काढायचा. अमेरिकेतील अनेक राज्यांच्या नियमांत प्रायमर काढलेली ठासणीची बंदूक ‘न भरलेली’ धरली जाते. पण आत दारू आणि गोळी असतेच, म्हणून ती भरलेलीच समजून हाताळावी.

होल्डरच्या दुसऱ्या टोकाला बहुधा आकडा असतो. उडालेला प्रायमर फुगतो, काजळीने घरात चिकटतो आणि नखाला दाद देत नाही. तेव्हा काठाखाली आकडा घालून तो उचलायचा. न उडालेला प्रायमर चिकटला तर मात्र जोर लावून उचकटू नये आणि त्याच्या मध्यावर काहीही टेकवू नये. चाप ओढूनही बार उडाला नाही तर रायफल निदान मिनिटभर लक्ष्याकडेच रोखून ठेवावी, कारण दारू उशिरा पेटू शकते. त्यानंतर प्रायमर बदलावा. दोन प्रायमर वाजूनही बार पेटला नाही तर दोष बहुतेक ब्रीच प्लगच्या कानात असतो: जेमतेम पाऊण मिमीचे ते भोक काजळीने किंवा तेलाने बुजते. योग्य जाडीच्या ड्रिलच्या पात्याने, हातानेच फिरवून, ते मोकळे करतात. अर्थात ही सफाई बार काढून टाकल्यावर, प्लग बाहेर काढूनच.

प्रायमर घरात सैल बसत असेल तर वायू मागे फुटतो आणि बोल्ट (प्रायमरच्या मागे मिटणारा दांडा) व दुर्बीण काळवंडते. बोल्ट मिटताना किंचित अडल्यासारखे वाटणे हे योग्य मापाचे लक्षण.

प्रायमर कोणता घ्यायचा हे दारू ठरवते, आणि नवखे इथेच चुकतात. ‘ट्रिपल सेव्हन’ दारूबरोबर जोरकस २०९ वापरला की नळीत काजळीचे कडक कडे तयार होते आणि पुढची गोळी तिथे अडते; त्यासाठी ठासणीच्या रायफलींकरिता केलेले सौम्य २०९ मिळतात. ‘ब्लॅकहॉर्न २०९’ ही दारू उलट स्वभावाची आहे. सौम्य प्रायमरने ती उशिरा पेटते किंवा पेटतच नाही. म्हणून दोन प्रकारचे प्रायमर एका होल्डरवर कधीही ठेवू नयेत; होल्डरवर रंगाची खूण करावी.

होल्डरवर चार-सहा प्रायमर पुरतात. उरलेले मूळ खोक्यातच राहू द्यावेत. प्रायमर सुटे करून काचेच्या बरणीत किंवा डब्यात भरणे अत्यंत धोक्याचे, कारण एक उडाला तर सगळे एकदम उडतात. खिशात नाणी आणि किल्ल्यांबरोबर सुटा प्रायमर ठेवणेही तसेच. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचे संयुग असते. हाताळल्यावर जेवणाआधी हात धुवावेत. घामाचा किंवा तेलाचा बोटांचा स्पर्श प्रायमरच्या तोंडाला नको. होल्डर वापरला की हा स्पर्श आपोआप टळतो. थंडीतून उबदार घरात आणलेल्या रायफलीत दव धरते. रात्री प्रायमर काढून, रायफल थंड पण कुलूपबंद जागी ठेवावी आणि सकाळी नवा प्रायमर लावावा.

होल्डर स्वतःही झिजतो. प्लास्टिकच्या खाचा पसरतात, आणि मग चालताना प्रायमर एकेक करून गळतो. हंगामाआधी होल्डर उलटा धरून झटकून पाहावा. पितळी होल्डर टिकाऊ, पण झिपरवर आपटून खणखणतो आणि हरणाचे कान तिखट असतात. त्याला कापडी पट्टी गुंडाळतात.

अमेरिकेत राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. आयडाहोत केवळ ठासणीच्या बंदुकींच्या हंगामात २०९ चालत नाही. तिथे टोपी किंवा चकमकच हवी आणि टोपी काही अंशी उघडी दिसली पाहिजे. पेनसिल्व्हेनियात नाताळनंतरचा हंगाम चकमकीच्या बंदुकींचा असतो. तिथे होल्डरऐवजी पुन्हा रंजकाची डबीच लागते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. कोकणात पीकसंरक्षणासाठी परवान्यावर ठासणीच्या बंदुका बाळगल्या जातात.