घुबडाचा पत्ता कोणी फोडला?

नांदूरमध्यमेश्वर ही रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आलेली महाराष्ट्रातली पहिली जागा. तिथल्या मनोऱ्यावर पक्षी पाहायला नाशिकहून रविवारी पहाटे पोचणारा आमचा एक गट आहे. वर्गणी नाही, अध्यक्ष नाही. कोणी दुर्बीण आणतं, कोणी चहाचा थर्मास. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात एका ओढ्याच्या दरडीत आम्हाला शृंगी घुबडाचं घरटं दिसलं. पुढच्या रविवारी तिथे कॅमेऱ्यांची रांग लागली आणि घुबडानं घरटं सोडलं. परतताना मिसळीच्या टेबलावर सगळ्यांनी मिळून एका कॉलेजच्या मुलाला धारेवर धरलं. पत्ता त्यानंच फोडला का, हे आजही ठाऊक नाही. तो पुन्हा आला नाही. महिनाभरात आणखी तिघे यायचे थांबले. घुबड गेल्याइतकंच हे मला लागलं.

हौशी गट असे का फुटतात, यावर बरंच संशोधन झालं आहे. अर्न्स्ट फेर आणि सायमन गेख्टर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चौघांना प्रत्येकी २० टोकनं दिली. सामाईक डब्यात एक टोकन टाकलं की चौघांनाही प्रत्येकी ०.४ मिळणार, म्हणजे गटाचा फायदा, पण टाकणाऱ्याचा तोटा. फेऱ्या सरत गेल्या तसा डबा आटत गेला. मग पदरचे पैसे मोडून फुकट्याला दंड करायची मुभा दिली आणि डबा भरू लागला. पण २००८ साली निकोस निकिफोराकिस यांनी दंड झालेल्यालाही उलट दंड करू दिला. लोक दंड करायलाच कचरू लागले आणि सहकार्य ढासळलं. खऱ्या आयुष्यात उलट दंड नेहमीच असतो: अबोला, टोमणे, किंवा सरळ येणं बंद.

आमच्यातल्या एका काकांनी सुचवलं, तक्रारी निनावी चिठ्ठ्यांनी घेऊ. मला भीती वाटली. नाव झाकलं की माणूस सुटतो, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. १९७९ साली रॉबर्ट जॉन्सन आणि लेस्ली डाउनिंग यांनी काही स्त्रियांना कू क्लक्स क्लान या अमेरिकेतल्या वर्णद्वेषी संघटनेसारखे झगे घातले, तर काहींना नर्सचा गणवेश. समोरच्याच्या चुकीला विजेचा झटका किती द्यायचा, हे त्यांनी ठरवायचं होतं (खरा झटका कोणालाच बसत नव्हता). नर्सच्या वेशातल्या स्त्रियांनी झटके सौम्य केले, आणि ओळख झाकलेली असताना तर जास्तच. प्रयोग लहान होता. पण टॉम पोस्टमेस आणि रसेल स्पिअर्स यांनी १९९८ साली ६० अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही हेच दिसलं, की निनावी माणूस त्या प्रसंगाची रीत अधिक घट्ट धरतो. रीत क्रूर असेल तर क्रौर्य वाढतं, मायेची असेल तर माया.

मग आमची रीत कुठली? उत्तर आपल्याच जिल्ह्यात सापडलं. बागलाणात मोसम आणि आरम नद्यांवर शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फड पद्धतीनं पाणी वाटून घेतलं. पाणी सोडणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या. राखण हे कामच एकाला नेमून दिलं, की टोकण्यात वैर उरत नाही. जगभरच्या अशा व्यवस्था अभ्यासून एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० साली दाखवलं, की टिकलेल्या गटांत पहिल्या चुकीला दंड हलका असतो, मग चढत जातो, आणि भांडण मिटवायची जागा हाताशी असते. त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता आमच्याकडे दर तीन महिन्यांनी दोन जागल्ये बदलतात. पक्ष्याची नोंद करणाऱ्यानं नाव लिहायचंच, कारण नोंदीवरचा विश्वास नावावर उभा असतो. घरट्याची जागा मात्र फक्त जागल्यांना ठाऊक. तक्रारही त्यांच्याच कानी घालायची. कोणी केली, हे ते फोडत नाहीत. ज्याच्याबद्दल आहे, त्याच्याशी आधी एकांतात बोलतात. मिसळीच्या टेबलावर तो विषय निघत नाही.

त्या मुलाला मी गेल्या आठवड्यात फोन केला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग विचारलं, "काका, चित्रबलाक आलेत का?"