नजरेच्या कडेला अक्षरे का लागत नाहीत?

सोलापूरच्या एसटी स्टँडवर गाडी फलाटाला लागते. पाटी डोळ्यांच्या कडेला दिसत असते, पण 'तुळजापूर' की 'अक्कलकोट' हे कळायला नजर तिच्यावरच न्यावी लागते. डोळ्याच्या पडद्यावर बारकावे टिपणारा भाग अगदी छोटा असतो. हात लांब केल्यावर अंगठ्याचे नख जेवढी जागा व्यापते, साधारण तेवढ्यापुरताच. म्हणून वाचताना डोळे सेकंदाला तीन-चार उड्या मारतात.

पण सगळा दोष धूसरपणाचा नाही. कागदावर फुली काढा, उजवीकडे चार बोटांवर ठळक 'न' लिहा आणि फुलीवरच नजर रोखा. 'न' ओळखता येतो. आता त्याला खेटून दोन्ही बाजूंना 'म' आणि 'स' लिहा. 'न' तेवढाच, तिथेच, तरी त्याच्या रेषा शेजाऱ्यांत मिसळतात. १९७० साली डच संशोधक हर्मन बाउमा यांनी या गर्दीचे माप मांडले: अक्षर नजरेपासून जितके दूर, त्याच्या साधारण निम्म्या अंतरापर्यंतचे शेजारी त्याला त्रास देतात.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते याच्या पुढचे. १९५७ साली कॅनडातील मानसशास्त्रज्ञ वुडबर्न हेरॉन यांनी इंग्रजी वाचकांना अक्षरे क्षणभरच दाखवली, डोळे हलायला संधीच मिळू नये इतका कमी वेळ. अक्षरे नजरेच्या एकाच बाजूला आली तर उजवीकडची जास्त ओळखली गेली. दोन्ही बाजूंना एकदम आली तर डावीकडची! डोळे स्थिर होते, पण मन वाचनाच्या सवयीने डावीकडून सुरुवात करत होते, असा त्यांचा निष्कर्ष. अक्षरांच्या मनातल्या विरत चाललेल्या ठशाच्या उजव्या टोकाला पोचेपर्यंत तिथले बरेच पुसलेले असते.

ही सवय लिपीबरोबर बदलते का? १९८१ साली इस्रायली द्विभाषिक वाचकांवर अभ्यास झाला. तीच माणसे इंग्रजी वाचताना नजरेच्या उजवीकडून जास्त माहिती गोळा करत, उजवीकडून लिहिली जाणारी हिब्रू वाचताना डावीकडून. डोळे तेच, फक्त लक्षाची दिशा उलटी.

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गावात नांदतात. उर्दू शाळेत शिकणारे मूल रस्त्यावर मराठी पाट्याही वाचते. अशा मुलांच्या नजरेचा अभ्यास इथल्याच एखाद्या महाविद्यालयाने करावा, असे मनापासून वाटते. सुरुवातीला संगणकाचा पडदा पुरेल: मध्ये ठिपका, दोन्ही बाजूंना क्षणभर चमकणारी अक्षरे, एकदा देवनागरी, एकदा उर्दू.