व्हिटॅमिन सी आणि आतड्याचा कॅन्सर : एक जुनं खूळ

मुंबईत परळला कॅन्सर रुग्ण उतरतात त्या धर्मशाळांत कुणी ना कुणी सांगतंच, "व्हिटॅमिन सी भरपूर द्या, आतड्याचा कॅन्सर आटोक्यात येतो." १९७६ साली नोबेलविजेते लायनस पॉलिंग यांनी कॅन्सरवर 'सी'चा भारी डोस उचलून धरला. एवढं मोठं नाव, शंका कोण घेणार? पण १९८५ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने आतड्याचा कॅन्सर बळावलेल्या १०० रुग्णांवर पडताळा घेतला : काहींना रोज १० ग्रॅम 'सी', बाकीच्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. ना आयुष्य वाढलं, ना गाठी आटल्या.

उलट, 'ताकदीच्या' गोळ्यांत बहुधा फॉलिक अ‍ॅसिड हे 'बी' गटातलं व्हिटॅमिन असतं. कॅपेसिटाबीन ही आतड्याच्या कॅन्सरवरची केमोची गोळी चालू असताना त्याने जुलाब, तळहात सोलणं वाढू शकतं. फॉलिक अ‍ॅसिडची कमतरता असेल तर डॉक्टर त्याची गोळी देतातच, ती गोष्ट वेगळी. केमिस्टकडून परस्पर आणलेली बाटली आधी ओपीडीत दाखवा.