रॅम वाढवली की गेम पळतो? आधी मोजा

कॉम्प्युटरवर गेम अडकतोय म्हटलं की रत्नागिरी असो वा मालवण, पहिला सल्ला ठरलेला: "रॅम वाढव." हा जुना समज अर्धाच खरा आहे. रॅम, म्हणजे चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी, अपुरी पडत असेल तरच ती वाढवून उपयोग. १६ जीबीपैकी ११ च वापरात असतील, तर ३२ करूनही एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) जवळपास तेवढेच राहतात.

व्ही-सिंक आणि फ्रेम लिमिट (एफपीएसवर मर्यादा घालणाऱ्या सेटिंग्ज) बंद करून १५ मिनिटं गेम खेळा. मग कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स बघा. जीपीयू (ग्राफिक्सची चिप) सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. मात्र पॉवर सप्लायचे वॅट आणि कनेक्टर आधी तपासा. जीपीयू ६० टक्क्यांच्या आसपास रेंगाळतोय आणि रिझोल्यूशन उतरवूनही एफपीएस वाढत नाहीत? मग बहुधा प्रोसेसर कमी पडतोय.

एक अपवाद आहे. रॅमची ८ जीबीची एकच स्टिक असेल, तर तशीच दुसरी लावल्यावर ड्युअल चॅनल (दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरणं) सुरू होतं आणि फरक जाणवतो, विशेषतः वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर. डीडीआर४ रॅमच्या स्लॉटमध्ये पुढच्या पिढीची डीडीआर५ रॅम बसत नाही, हे विसरू नका.

आपल्या खाऱ्या, दमट हवेत तर खरेदीच्या आधी सफाईच करा. कूलरच्या पात्यांत चिकट धूळ बसली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग उतरवतो. प्लग काढा, ब्रशने धूळ झाडा, प्रोसेसर आणि कूलरच्या मधली वाळलेली थर्मल पेस्ट बदला, रॅमचे सोनेरी संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण सुकल्यावर पुन्हा मोजा.