लष्करी व घरगुती सिम्युलेशन खेळ आणि मॉडिंग (कोकण किनारा)

एकाच गेम इंजिनावर घरी खेळण्यासाठी एक आणि सैनिकांच्या सरावासाठी दुसरी अशा दोन आवृत्त्या निघतात. घरगुती आवृत्तीत खेळणारे स्वतः जी भर घालतात, तिला मॉड म्हणतात. चेक प्रजासत्ताकातील बोहेमिया इंटरॅक्टिव्हचा ‘ऑपरेशन फ्लॅशपॉइंट’ (२००१) हे ठळक उदाहरण. त्याच इंजिनातून लष्करासाठी ‘व्हीबीएस’ हे सरावाचे सॉफ्टवेअर निघाले, आणि घरगुती बाजूला २००६ पासून ‘आर्मा’ मालिका सुरू झाली. लष्करी शाखा पुढे वेगळी कंपनी झाली. २०२२ मध्ये ती बीएई सिस्टिम्सने विकत घेतली. ‘डीसीएस: ए-१०सी’ हा लढाऊ विमान उडवण्याचा खेळ मात्र अमेरिकेच्या एअर नॅशनल गार्डसाठी केलेल्या प्रशिक्षण प्रणालीतून २०११ मध्ये घरोघरी पोचला.

लष्करी आवृत्तीत चित्रे अधिक देखणी असतात, हा समज चुकीचा आहे. पुष्कळदा घरगुती खेळच जास्त सुंदर दिसतो. लष्कर पैसे मोजते ते प्रशिक्षकाच्या सोयींसाठी: चालू सराव मध्येच बदलता येणे, संपल्यावर तो संपूर्ण पुन्हा पाहून चुका दाखवता येणे, आणि डीआयएस किंवा एचएलए या मानकांनी इतर सिम्युलेटर जोडता येणे. परवानाही वेगळा असतो. आर्मा पब्लिक लायसन्सखाली दिलेले मॉड फक्त आर्मात, श्रेय देऊन आणि नफ्याविना वापरता येते. कर्त्याच्या वेगळ्या परवानगीशिवाय ते व्हीबीएसमध्ये नेता येत नाही.

आर्मा ३ मध्ये कोकण उभे करायचे तर २०४८ × २०४८ बिंदूंचा उंची-नकाशा (प्रत्येक बिंदूला जमिनीची उंची देणारा), दर ५ मीटरला एक बिंदू, हे माप सोयीचे. त्यातून १०.२४ किलोमीटर बाजूचा चौरस मिळतो. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यापासून देवबागच्या संगमापर्यंतची किनारपट्टी त्यात मावते. एसआरटीएमची (अंतराळयानातून रडारने केलेली उंची-मोजणी) ३० मीटर जाळीची मोफत उंची-माहिती क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये यूटीएम (मीटरमध्ये मोजणारी निर्देशांक-पद्धत) पट्टा ४३ उत्तर यात आणावी. अक्षांश-रेखांशांच्या अंशांतच ठेवली तर या अक्षांशावर नकाशा पूर्व-पश्चिम सुमारे ४ टक्के ताणला जातो. टेरेन बिल्डर या आर्माचे नकाशे बांधण्याच्या साधनात पूर्व निर्देशांक २,००,००० आणि उत्तर निर्देशांक ० धरावा, नाहीतर घरे-झाडे नकाशाबाहेर पडतात.

खरी कसोटी देवबागला लागते. कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली ही जमिनीची अरुंद जीभ ३० मीटरच्या जाळीत जेमतेम काही चौकटींची उरते. त्यात रडारचे तरंग माडांच्या शेंड्यांवरूनही परततात, म्हणून सपाट पुळणीच्या जागी टेकाड दिसते. माडबनांचा वेगळा मुखवटा (ती जागा रंगाने दाखवणारे चित्र) काढून तेवढी उंची हाताने उतरवावी लागते; कांदळवनांचेही तेच. समुद्र त्या माहितीत सपाट शून्यावर असतो आणि खेळातले पाणीही शून्यावरच, त्यामुळे किनारा लुकलुकतो. तळ किनाऱ्यापासून हळूहळू खोल करत न्यावा. किल्ल्याभोवतीचे खडक वेगळ्या वस्तू म्हणून ठेवावेत.

सड्याची (जांभ्याच्या पठाराची) कडही गुळगुळीत होऊन साध्या उतारासारखी दिसते. ५ मीटरच्या जाळीत सरळ कडा उभा राहत नाही, तेव्हा जांभ्याच्या कड्यांचे तयार तुकडे लावावेत. पृष्ठभागाच्या मुखवट्यात वाळू, गवत अशा प्रत्येक प्रकाराचा रंग काटेकोर हवा. कडा मऊ करणारा ब्रश किंवा जेपीईजी वापरला की मधले रंग तयार होतात आणि पुळणीवर भलताच पोत (पृष्ठभागाचे चित्र) येतो.

जमिनीच्या रंगासाठी सेंटिनेल-२ उपग्रहाचे मोफत चित्र १० मीटर पिक्सेलचे असते. पावसाळ्यात ढगच मिळतात, उन्हाळ्यात सडे पिवळे पडतात. पावसाळा नुकताच सरल्यावरचे चित्र सर्वांत चांगले. ओपनस्ट्रीटमॅपचे रस्ते घेतले तर श्रेय द्यावेच लागते.

पोतांसाठी फोटो काढताना तटरक्षक दल व नौदलाच्या जागा पूर्ण टाळाव्यात. आर्मा ३ च्या नकाशाला आधार असलेल्या ग्रीसच्या लेम्नोस बेटावर २०१२ मध्ये बोहेमियाच्या दोन कर्मचाऱ्यांना लष्करी ठिकाणांचे चित्रीकरण केल्याच्या आरोपावरून अटक झाली. ते चार महिन्यांहून अधिक काळ कोठडीत होते. त्या नकाशाचे नाव पुढे ‘अल्टिस’ झाले.

शेवटी नकाशा पीबीओ या आर्माच्या गठ्ठा-फाइलमध्ये बांधून त्यावर सही-किल्ली (फाइल कोणाची हे पटवणारी डिजिटल खूण) लावावी. सही तपासणारे सर्व्हर बिनसहीची फाइल नाकारतात. मग संगणकाच्या ताब्यातली तुकडी एका वाडीतून दुसरीत पाठवून पाहावी. ती बहुधा गडग्यांपाशी अडकते. पाणंदीच्या तोंडाशी गडग्यात माणूस जाईल एवढी फट ठेवली की वाट मोकळी होते.